चेंबरमधली पातळी

१९५५ साली आलेल्या रोल्स-रॉइस सिल्व्हर क्लाउडच्या डॅशबोर्डवर एक छोटं बटण आहे. ते दाबून धरलं की पेट्रोलचा काटा आपली जागा सोडतो आणि इंजिनाच्या तळाशी ऑइल किती आहे ते दाखवू लागतो. बोट उचललं की काटा पुन्हा पेट्रोलवर. गेज एकच, पण दोन साठ्यांना जोडलेलं. तळातल्या ऑइलवर एक फ्लोट तरंगत असतो, तो वरखाली झाला की वीजमार्गातला रोध बदलतो आणि काटा त्याप्रमाणे हलतो. रीत अशी की गाडी सपाट जागी उभी असावी आणि सकाळी इंजिन सुरू करण्याआधी बटण दाबावं. इंजिन चालू असताना दाबलं तर काटा काहीतरी सांगेल, पण त्यावर विश्वास ठेवता येणार नाही.

बॉनेटवरच्या प्रसिद्ध मूर्तीपेक्षा मला हे बटण जास्त मोलाचं वाटतं. ऑइलची पातळी माणसाला नेमकी कशी कळावी, या प्रश्नावर इंजिनिअरांनी जवळजवळ अर्धं शतक डोकं लढवलं होतं, आणि हे बटण त्याचं एक उत्तर आहे. जुन्या आलिशान गाड्या सांभाळणाऱ्यांपुढे तोच प्रश्न आजही उभा आहे. ऑइल ओतण्याचं काम पाच मिनिटांचं दिसतं. त्या पाच मिनिटांत काय काय बिघडू शकतं हे समजून घ्यायचं असेल, तर इंजिनाच्या तळाशी जो ऑइलचा डबा असतो त्याची ओळख करून घ्यायला हवी. पुस्तकांत त्याला ऑइल संप म्हणतात. आपल्या गॅरेजांत त्याला चेंबर म्हणतात, आणि ‘चेंबर फुटला’ या दोन शब्दांत प्रवास कुठे संपला ते सगळ्यांना कळतं.

आधी ऑइल तिथे करतं काय ते पाहू. ‘घर्षण कमी करतं’ हे उत्तर बरोबर आहे, पण त्यात खरी गंमत दडून राहते. १८८०च्या दशकात इंग्लंडमध्ये बोशां टॉवर नावाचा इंजिनिअर रेल्वेच्या आसावरच्या बेअरिंगांवर प्रयोग करत होता. आस खालून ऑइलमध्ये बुडालेला, वरून बेअरिंग आणि त्याच्यावर भार. बेअरिंगच्या माथ्यावर ऑइल सोडण्यासाठी त्याने एक भोक पाडलं. पाहतो तर भोकातून ऑइल आत जाण्याऐवजी बाहेर येऊ लागलं. त्याने लाकडी खुंटी ठोकून भोक बंद केलं. आस फिरू लागल्यावर खुंटी बाहेर ढकलली गेली. मग तिथे प्रेशर गेज लावला, तर बेअरिंगवरच्या सरासरी भाराच्या दुपटीहून जास्त दाब आतल्या ऑइलमध्ये निघाला. फिरणारा आस स्वतःच ऑइल ओढून निमुळत्या फटीत कोंबत होता, आणि त्या दाबावर वरचा सगळा भार तरंगत होता. धातूला धातू लागतच नव्हता. पुढे १८८६ साली मँचेस्टरच्या ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचं गणित मांडलं. आजही बेअरिंगचा हिशेब त्याच समीकरणापासून सुरू होतो.

म्हणजे दोन टन वजनाची गाडी ओढणारा क्रँक, इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, ऑइलच्या एका पापुद्र्यावर तरंगत असतो. या पापुद्र्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास, बऱ्याचदा त्याहूनही कमी. तो आहे तोवर बेअरिंग जवळजवळ झिजत नाही. तो तुटला की जुन्या इंजिनाच्या बेअरिंगांवरचा व्हाइट मेटल वितळायला फार वेळ लागत नाही, कारण कथील, अँटिमनी आणि तांबं यांचा तो मऊ मिश्रधातू आहे. पापुद्रा टिकायचा तर बेअरिंगला ऑइल अखंड मिळालं पाहिजे. अखंड पुरवठ्यासाठी पंपाच्या तोंडाशी ऑइल असायला हवं. आणि पंपाच्या तोंडाशी ऑइल राहतं की नाही, ते ठरवतो चेंबर.

अगदी सुरुवातीच्या मोटारींत हा साठा नव्हता. डॅशबोर्डवर पितळेची बाटली, तिच्यातून काचेच्या नळीत थेंब थेंब पडणारं ऑइल, आणि थेंब मोजत बसलेला चालक. चढ आला की त्याने हातपंपाचा एक जास्तीचा दट्ट्या मारायचा. ऑइल आपलं काम करून रस्त्यावर गळायचं किंवा जळून जायचं. बैलगाडीच्या आसाला वंगण घालतात, त्याच पद्धतीचं हे यांत्रिक रूप होतं. गेलेलं वंगण परत येत नाही, नवं घालायचं.

मग ऑइल तळाशी साठवून तेच पुन्हा वापरायची पद्धत आली. साधा मार्ग उडवण्याचा. कनेक्टिंग रॉडच्या टोकाला छोटी पळी असायची, ती दर फेऱ्याला तळातल्या ऑइलमध्ये बुडून ते सगळीकडे उडवायची. फोर्डची मॉडेल टी आयुष्यभर अशाच उडत्या ऑइलवर चालली. तिला पातळी मोजायची पट्टी (डिपस्टिक) नव्हती. तळाला दोन छोट्या तोट्या होत्या, एक वर आणि एक खाली. वरची उघडल्यावर ऑइल आलं तर भरपूर आहे, खालच्या तोटीतूनही आलं नाही तर गाडी चालवू नका. दोन तोट्यांच्या मध्ये कुठेतरी पातळी ठेवायची. यासाठी कुणालातरी गाडीखाली हात घालावा लागायचा, पण त्या तोट्या चुकीचं कधी सांगत नसत.

आलिशान गाड्यांमध्ये या पद्धतीचं सर्वांत विलक्षण रूप डेमलरमध्ये दिसलं. १९०९पासून डेमलरने अमेरिकन चार्ल्स नाइटच्या स्लीव्ह व्हॉल्व्हची इंजिनं बनवली. त्यांत झडपांच्या जागी सिलिंडरच्या आत सरकणारी नळकांडी असत, आणि त्यामुळे इंजिन अतिशय शांत चाले. ब्रिटिश राजघराण्याचीही पसंती डेमलरलाच होती. पण एकात एक बसवलेल्या दोन सरकत्या नळकांड्यांना ऑइल पुष्कळ लागतं. म्हणून कनेक्टिंग रॉडखालच्या पन्हळी थेट ॲक्सिलरेटरला जोडलेल्या होत्या. पाय दाबला की पन्हळी वर उचलल्या जात, पळ्या जास्त खोल बुडत आणि ऑइल जास्त उडे. गरज वाढली की पुरवठा वाढवणारी ही योजना मला फार सुंदर वाटते. तिची किंमत म्हणजे मागे राहणारा निळसर धूर. ऑइल जरा जास्त भरलं तर तो धूर मिरवणुकीभर सोबत करी.

१९०६ साली लंडनच्या ऑलिंपिया प्रदर्शनात रोल्स-रॉइसची सहा सिलिंडरची ४०/५० ही गाडी आली. तिलाच पुढे सिल्व्हर घोस्ट हे नाव पडलं. हेन्री रॉइस यांनी तिच्या क्रँकला सात मुख्य बेअरिंगं दिली आणि पंपाने दाबाखाली ऑइल पोहोचवलं. त्या काळात बहुतेक इंजिनं उडत्या ऑइलवर चालत होती. १९०७ साली रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली ही गाडी १५,००० मैलांच्या चाचणीत धावली. नंतर इंजिन उघडून तपासलं आणि गाडी नव्यासारखी करण्यासाठी जे सुटे भाग बदलावे लागले, त्यांचा खर्च २ पौंड २ शिलिंग ७ पेन्स आला. हा आकडा इतका लहान राहण्यात मोठा वाटा ऑइलच्या त्या पापुद्र्याचा आहे.

दाबाची पद्धत आल्यावर चेंबरचं काम बदललं. उडत्या पद्धतीत ऑइल सगळीकडे सारखं पसरलेलं असावं लागे. आता ते एका ठिकाणी, पंपाच्या तोंडाशी असणं गरजेचं झालं. आणि इथे रस्त्याचा उतार मध्ये आला.

एक साधा हिशेब करू. समजा चेंबर म्हणजे ७५ सेंटिमीटर लांब आणि २५ सेंटिमीटर रुंद, सपाट तळाचा ट्रे आहे. त्यात ९ लिटर ऑइल ओतलं तर त्याची खोली भरते जेमतेम ५ सेंटिमीटर. आता गाडी सहास एक अशा चढावर लागली. ऑइलचा पृष्ठभाग आडवाच राहतो, ट्रे तेवढा तिरका होतो. सगळं ऑइल मागे सरकतं आणि पुढची नऊ-दहा सेंटिमीटर जागा कोरडी पडते. हे नुसत्या चढाने झालं. सपाट रस्त्यावर जोराचा ब्रेक मारला तर ऑइलच्या दृष्टीने तो तिनास एक असा उतारच असतो. तेव्हा ऑइल पुढे धावतं आणि मागची जवळजवळ फूटभर जागा क्षणभर रिकामी होते. पंपाचं तोंड तिथे असेल तर तो हवा ओढतो. घाटात याच्या उलटसुलट आवृत्त्या वळणावळणाला होत राहतात. उतरताना धोका अधिक, कारण गिअरवर गाडी रोखलेली असते, इंजिनाचे फेरे जास्त असतात आणि ऑइल मात्र पुढच्या टोकाला गोळा झालेलं असतं.

म्हणून चेंबरचा तळ सपाट ठेवत नाहीत. एका ठिकाणी तो खोल करतात, विहिरीसारखा, आणि पंपाचं तोंड त्या विहिरीत बुडवतात. आडवे पडदे घालून ऑइलची धाव मोडतात. क्रँक आणि ऑइल यांच्यामध्ये भोकं पाडलेला पत्रा टाकतात, म्हणजे फिरता क्रँक ऑइल घुसळत नाही आणि वरून गळलेलं ऑइल सावकाश खाली उतरतं. बाहेरून ॲल्युमिनियमच्या ओतीव भांड्यावर पंखासारख्या पट्ट्या ठेवतात, त्यांतून उष्णता बाहेर जाते. ही सगळी योजना एका ठरावीक पातळीसाठी केलेली असते. पातळी खाली गेली तर विहीर उघडी पडते. वर गेली तर पडद्यांचा आणि भोकाच्या पत्र्याचा उपयोग संपतो, कारण ते स्वतःच ऑइलमध्ये बुडालेले असतात.

घाटाचं उदाहरण मी उगाच घेतलेलं नाही. १९०८ साली मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची चाचणी झाली, सह्याद्रीचे घाट ओलांडून. तिच्यात ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची एक सिल्व्हर घोस्ट धावली आणि यशस्वी ठरली. पुढे ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेतली. हिंदुस्थानी संस्थानिकांमध्ये रोल्स-रॉइसचं नाव रुजलं त्याच्या सुरुवातीला ही गाडी आहे. त्या वेळच्या रस्त्यांवरून, खडी आणि फुफाट्यातून, चढ-उतार करत ही गाडी गेली, तेव्हा तिच्या तळातल्या ऑइलने किती वेळा मागेपुढे धाव घेतली असेल याचा मी पुष्कळदा विचार करतो.

आता ओतण्याकडे वळू, कारण खरी फजिती इथेच होते.

पहिली अडचण भरायच्या तोंडाची. पुष्कळ जुन्या गाड्यांत ते आजच्यासारखं इंजिनाच्या डोक्यावर नसून क्रँककेसच्या बाजूला, खाली, कार्बुरेटर आणि स्टिअरिंगच्या सांगाड्याच्या मध्ये कुठेतरी असतं. सरळ नरसाळं बसत नाही, वाकड्या मानेचं शोधावं लागतं. तोंडात बारीक जाळी असते. ऑइल जाड आणि थंड असेल तर जाळीतून ते हळूहळू उतरतं. त्याच वाटेने आतली हवाही बाहेर येऊ पाहते. घाईने डबा उलटा केला की ऑइल गुडगुड करत वर येतं आणि इंजिनावरून ओघळतं. मग कुणीतरी वैतागून जाळीच काढून टाकतो. ती जाळी पत्र्याच्या डब्यांतून ऑइल येण्याच्या काळात कचरा अडवायला ठेवलेली असते, आणि तिचं काम आजही संपलेलं नाही. जाळी जुनी होऊन फाटली असेल तर नवी करून घ्यावी. तिचे तुटलेले धागे आत पडले तर थेट पंपाकडे जातात.

दुसरी अडचण मापाची. पुस्तकात लिहिलेला आकडा पुष्कळदा कोरड्या इंजिनाचा असतो. नट खोलून ऑइल काढलं तरी सगळं निघत नाही. फिल्टरमध्ये, नळ्यांत, क्रँकच्या पोकळ गाभ्यात, भिंतींवर बरंच राहतं. पुस्तकातला पूर्ण आकडा मोजून ओतला की पातळी खुणेच्या वर जाते. याच्या उलटही होतं. फिल्टर नवा आणि रिकामा असेल तर इंजिन पहिल्यांदा फिरताच तो ऑइल पिऊन घेतो आणि बरोबर दिसणारी पातळी खाली येते. म्हणून शहाणा मिस्त्री आधी मापापेक्षा लिटर-दीड लिटर कमी ओततो, इंजिन थोडं चालवतो, बंद करतो, चहा होईपर्यंत थांबतो, आणि मगच पट्टी बघतो. वर उडालेलं जाड ऑइल खाली उतरायला वेळ लागतो. चहाची ती पंधरा मिनिटं म्हणजे कामाचाच भाग आहे.

तिसरी अडचण त्या पट्टीचीच. ऐंशी-नव्वद वर्षांच्या गाडीत मूळ पट्टी असेलच असं नाही. कुणीतरी दुसऱ्या गाडीची घातलेली असते, किंवा मोडलेली जोडून दोन सेंटिमीटर आखूड झालेली असते. फ्लोटच्या गेजमध्ये फ्लोट पितळेचा असेल आणि त्याला बारीक चीर गेली असेल, तर तो ऑइल पिऊन बुडतो आणि चेंबर भरलेला असतानाही रिकामा दाखवतो. मालक घाबरून ओततच राहतो. यावर खात्रीचा उपाय एकच मला माहीत आहे. गाडी पाणसळीने तपासलेल्या सपाट जागी उभी करावी, ऑइल पूर्ण काढावं, आणि लिटर लिटर मोजून ओतत प्रत्येक लिटरला पट्टीवर खूण करावी. एका दुपारचं काम आहे. नंतर त्या गाडीबद्दल अंदाजाने बोलायची वेळ येत नाही.

जास्त ऑइल घातलं तर काय बिघडलं, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. कमी असण्याची भीती सगळ्यांना असते, आणि ‘असू दे थोडं जास्त’ हे वाक्य प्रेमापोटीच येतं. पण पातळी फार वर गेली की क्रँक दर फेऱ्याला ऑइलमध्ये आपटतो आणि ते ताकासारखं घुसळलं जातं. त्यात हवा मिसळते, फेस होतो. फेस दाबता येतो, ऑइल दाबता येत नाही.  फेसाळलेल्या ऑइलचा पापुद्रा भार नीट पेलत नाही. म्हणजे जास्त ऑइल घालून आपण बेअरिंगला कमी ऑइल देतो.

शिवाय गळती. आजच्या गाडीत क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी ऑइल सील असतं. जुन्या गाड्यांत ते नव्हतं. तिथे क्रँकवर स्क्रूसारखी आट्यांची चर कोरलेली असते. क्रँक फिरतो तेव्हा ती चर बाहेर निघू पाहणारं ऑइल उलटं आत ढकलते. इंजिन थांबलं की चरही थांबते. तेव्हा ऑइलला अडवतो तो फक्त पातळीतला फरक. पातळी त्या जोडाच्या वर असेल, किंवा गाडी चढाला तोंड करून उभी असेल, तर रात्रभर ऑइल थेंब थेंब मागे झिरपतं आणि क्लचपर्यंत जाऊ शकतं. सकाळी क्लच घसरतो. मग गिअरबॉक्स उतरवला जातो, क्लचची प्लेट बदलली जाते, आणि मूळ चूक नरसाळ्यापाशी झाली होती हे कुणाच्या लक्षात येत नाही.

याहून फसवी गोष्ट म्हणजे न ओतता वाढणारी पातळी. महिनाभरापूर्वी पट्टी मधल्या खुणेवर होती, आता वरच्या खुणेवर आहे. मालकाला आनंद होतो, गाडी ऑइल खात नाही म्हणून. खरं तर आत पेट्रोल उतरलेलं असतं. चोक ओढून थंड इंजिन चालवलं की न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली जातं. कार्बुरेटर पाझरत असेल तर आणखी. पेट्रोल मिसळलं की ऑइल पातळ होतं आणि पापुद्रा विरळ होतो. पट्टीचा वास घेतला की कळतं.

पाण्याचं तसंच. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. ते वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं, पण इंजिन थंड असेल तर त्यातलं थोडं आतच ओलावा होऊन बसतं. जुन्या गाडीवर प्रेम करणारे आठवड्यातून एकदा ती पोर्चमध्ये दहा मिनिटं चालू ठेवतात. तिच्यासाठी काहीतरी केल्याचं समाधान मिळतं, आणि प्रत्येक वेळी आत थोडं पाणी व थोडं पेट्रोल जमा होतं. मुंबईच्या पावसाळी हवेत तर भरायच्या झाकणाच्या आत पांढरट पिवळा थर दिसू लागतो. गाडी काढायचीच तर ऑइल चांगलं तापेपर्यंत, दहा-पंधरा मैल चालवावी. नाहीतर उभी राहू द्यावी.

ऑइल बदलायची आठवण माणसावर सोडू नये असंही काहींना वाटलं. १९२८ साली अमेरिकेत आलेल्या ड्यूसेनबर्ग मॉडेल जेमध्ये इंजिनाला जोडलेली दातेरी चक्रांची एक पेटी होती. सातशेच्या वर मैल झाले की ती डॅशबोर्डवर ऑइल बदलायचा दिवा लावी, आणि साधारण त्याच्या दुप्पट अंतरावर बॅटरीचं पाणी तपासायचा. याच घराण्यातली सुपरचार्जर लावलेली एसजे इंदूरच्या यशवंतराव होळकरांसाठी लंडनच्या गर्नी नटिंगने बॉडी चढवून तयार केली होती, नारिंगी आणि काळ्या रंगात. मालक कितीही मोठा असो, दिवा लागायचाच. सातशे मैल आजच्या मानाने फारच थोडे वाटतील. पण तेव्हाचं ऑइल निराळं होतं.

ते साधं खनिज तेल होतं, त्यात मळ धरून ठेवणारं काही नव्हतं. शर्यतींच्या गाड्यांत एरंडेलही वापरत. कॅस्ट्रॉल हे नाव १९०९ साली एरंडीच्या इंग्रजी नावावरूनच आलं. एरंडेलाचा पापुद्रा फार चिवट, पण ते तापलं की चिकटा धरतं. साध्या खनिज तेलात काजळी आणि धातूचे कण तळाशी बसत, आणि चेंबरमध्ये चिखलासारखा थर साचत जाई. त्या काळच्या इंजिनिअरांनी हे गृहीत धरलं होतं. क्रँकच्या पोकळ गाभ्यात हा गाळ फिरण्याच्या जोराने भिंतीला चिकटून बसे आणि बेअरिंगपर्यंत तुलनेने स्वच्छ ऑइल जाई. इंजिन पूर्ण उघडलं की गाभ्याची टोपणं काढून गाळ खरवडायचा.

दुसऱ्या महायुद्धानंतर मळ सुटा करून तरंगत ठेवणारी डिटर्जंट ऑइलं सर्रास आली. ही ऑइलं चांगलीच आहेत. गाळ साफ केलेल्या इंजिनात तीच घालावीत असं मी म्हणेन. धोका आहे तो साठ वर्षं न उघडलेल्या इंजिनात ती अचानक ओतण्यात. जुना थर सुटा होतो, त्याचे पापुद्रे पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात आणि प्रेशर पडतं. जुन्या इंजिनाला पूर्ण मापाचा फिल्टर नसतोच, पुष्कळदा ऑइलचा एक छोटा हिस्साच फिल्टरमधून जातो. सुटलेली घाण बाकीच्या वाटेने फिरत राहते. आणखी एक तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे. झडपा उघडणारे कॅम आणि टॅपेट एकमेकांवर घासतात तिथे जस्त आणि फॉस्फरसचं एक संयुग संरक्षण देतं. एक्झॉस्टमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला त्याचा त्रास होतो म्हणून आधुनिक ऑइलांत ते कमी केलेलं असतं. जुन्या गाडीला कन्व्हर्टर नसतो, जस्त मात्र हवं असतं.

ऑइलच्या स्वच्छतेने एका फार मोठ्या इंजिनाची परीक्षा पाहिली. १९३६ साली रोल्स-रॉइसने फँटम थ्री आणली, बारा सिलिंडरची. झडपांचा आवाज येऊ नये म्हणून तिला हायड्रॉलिक टॅपेट दिले होते. ते ऑइलच्या दाबाने झडपेतली फट आपोआप भरून काढत. त्यांच्या आतल्या जागा इतक्या बारीक होत्या की जरासा कण गेला तरी टॅपेट अडकत. ऑइल वेळेवर बदललेल्या गाड्या उत्तम चालल्या, इतरांचे कॅम झिजले. १९३८पासून कंपनीने साधे टॅपेट घालायला सुरुवात केली. मला या गाडीबद्दल नेहमी हळहळ वाटते. इंजिन काळाच्या पुढे होतं, आणि त्याला लागणारं स्वच्छ ऑइल अजून यायचं होतं.

आपल्याकडे या गाड्या आता बहुतेक वेळा सावकाश चालतात. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक निघते, ते दृश्य पाहिलेल्यांना तिचा वेग आठवेल. माणसाच्या चालीने जाणाऱ्या गाडीच्या इंजिनाची कसोटी वेगाने जाणाऱ्या गाडीपेक्षा वेगळी असते. ऑइलचा पंप क्रँकवर चालतो. फेरे कमी, तर ऑइल कमी. रेडिएटरला वारा मिळत नाही, ऑइल तापून पातळ होतं आणि बेअरिंगांतून लवकर निसटतं. रस्त्यावर प्रेशर २० ते २५ पौंड दाखवणारा काटा मिरवणुकीत खाली उतरतो. अशा वेळी जाणता चालक गाडी थांबली तरी फेरे थोडे वर ठेवतो आणि नजर गर्दीवरून अधूनमधून त्या काट्यावर आणतो. निघण्यापूर्वी त्याने पातळी पाहिलेली असते, आणि तीही गाडी सपाटीवर असताना.

कधी ना कधी चेंबर उतरवावाच लागतो. खाली परात ठेवून, कडेचे पंचवीस-तीस नट आडव्यातिडव्या क्रमाने थोडे थोडे सैल करत. ॲल्युमिनियमचं भांडं जुनं असलं की घाई केल्यास वाकतं, आणि तळाच्या नटाच्या आट्या तर पाना जरा जोरात फिरवला तरी जातात. भांडं खाली आलं की मिस्त्री ते लगेच धूत नाही. आधी तळाशी दिवा धरतो. राखाडी, मऊ, चकचकीत चकत्या असतील तर व्हाइट मेटल सुटतोय. सोनेरी कण असतील तर कुठला तरी बुश झिजतोय. काळ्या गाळात सुताचे धागे दिसले तर कुणीतरी फडक्याने पट्टी पुसताना निष्काळजीपणा केलेला आहे. तारेचा तुकडा सापडला तर तो भरायच्या तोंडाच्या जाळीचा. हे सगळं वहीत लिहून झाल्यावर तो भांडं रॉकेलने धुतो, विहिरीचा कोपरान् कोपरा बोटाने चाचपतो, नवं बुचाचं पॅकिंग बसवतो आणि नट हाताने आवळून रात्रभर तसंच ठेवतो. ऑइल सकाळी ओतायचं असतं.